जिला मी मामी म्हणाले

फोन देवानंदचा होता. शाळेची मधली सुट्टी संपत आली होती, पोरं हात धुऊन वर्गात शिरत होती आणि मी माझ्या डब्याचं झाकण लावत होते. "ताई, आपली आई गेली," तो म्हणाला. खरं सांगते, दुःखाच्या आधी मला त्या 'आपली'चाच धक्का बसला आणि पाठोपाठ राग आला. जिवंत होती तोवर ती त्याची एकट्याची होती, आणि गेल्यावर आमची दोघांची झाली... मी एवढंच विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "आत्ताच. पेज पाजून राह्यलो होतो..." मी मुख्याध्यापकांकडे रजा मागायला गेले. कोण वारलं, असं त्यांनी विचारलं. "मामी," मी म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि उद्या दुपारपर्यंत परत याल ना, असं विचारलं. मामीच्या मरणाला तेवढा वेळ पुरतो असं त्यांचं मत दिसलं. मीही काही समजावत बसले नाही.

भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून दुसरी बस धरून मूलवरून सिंदेवाही आणि तिथून ऑटोनं गाव. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि चुलीवर पाणी तापत होतं. मामीला ओसरीत निजवलं होतं. ती लहानखुरी होतीच, पण इतकी लहान ती कधी दिसली नव्हती. कुणीतरी म्हणालं, "लेकी-सुना पुढं या व, आंघोळ घाला." देवानंदची बायको उठली. मीही उठायला लागले. तेवढ्यात शेजारच्या एका म्हातारीनं माझा खांदा दाबला आणि मायेनंच म्हणाली, "तू बस बाई, थकून आली. घरच्यायले करू दे." एक नवी सून तिला विचारत होती, "ह्या कोन होत?" म्हातारी म्हणाली, "भाची हाये. भदरावतीले राह्यते." मी बसले. भाच्या जिथं बसतात तिथं, भिंतीकडेला बसले आणि लांबून पाहत राहिले. त्या म्हातारीला सगळं ठाऊक होतं. गावातल्या जुन्या माणसांपैकी प्रत्येकाला ठाऊक होतं. पण इतकी वर्षं पाळलेली गोष्ट शेवटच्या दिवशी कोण मोडणार?

तर आता सांगायला हवं. शेवंताबाई माझी मामी नव्हती. तिच्याच पोटी मी जन्मले, आणि पहिली जन्मले. या पहिलेपणानंच सगळा घात केला.

ती तेव्हा कशी होती हे मला थोडं आठवतं, थोडं ऐकून माहीत आहे. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेताच्या बांधीत तिच्या बरोबरीनं कुणी टिकत नसे. हात चालायचा तसंच तोंडही चालायचं. लोकांच्या नकला करायची, मग स्वतःच्याच नकलेवर पदर तोंडाला लावून हसायची, कारण तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन दात लाल झाले होते आणि इतरांना मात्र ती खर्रा वाईट म्हणून सांगायची. मी दोन-अडीच वर्षांची असताना माझ्या पाठचा भाऊ झाला. चांगला दणकून रडला म्हणे. दुसऱ्या दिवशी तो पिवळा दिसायला लागला. बाळंतिणीच्या अंगची हळद लागली असेल असं आधी वाटलं, पण पोराला पुसलं तरी रंग जाईना. मग काविळीची माळ आणली. आमच्याकडे कावीळ उतरवायला कसल्याशा काड्यांची माळ गळ्यात घालतात. काड्या सुकतात तशी माळ सैल होऊन लांबते, आणि ती लांबली की कावीळ उतरली असं लोक धरतात. त्या तान्ह्या पोराच्या गळ्यातली माळ बेंबीपर्यंत आली. घरात आनंद झाला, बुढीनं गूळ वाटला. बुढी म्हणजे माझ्या वडिलांची आई, त्या घरची खरी मालकीण. पोर मात्र दूध ओढेना, त्याचं अंग मागं ताठायला लागलं, आवाज बारीक होत गेला आणि गूळ वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेलं. मामी म्हणे ती माळ काढू देईना. कावीळ तर उतरली, मग पोरगा कुठी गेला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, आणि येणारे-जाणारे मान खाली घालून पुढं जात होते.

त्यानंतरची मुलगी. ती मेलेलीच जन्मली, अंगभर सुजलेली. मामीला ती दाखवली नाही. सुईणीनं आणि बुढीनं पाहिली, आणि बुढीनं ती कशी दिसत होती हे साऱ्या गावाला सांगितलं. मग मामीला नाव पडलं, लेकरंखाई. तोंडावर कुणी म्हणायचं नाही. पण रोवण्याला रांगेत उभी राहिली की पोटुशी बाई दोन हात सरकून दुसरीकडे जायची. कुणाचं बाळ पाहायला गेली तर बाळ नेमकं तेव्हाच झोपलेलं असायचं. नकला करणारी बाई हळूहळू गप्प झाली. मला तिचं ते गप्प बसणं आठवतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि ती माझ्या डोक्यातल्या उवा काढत बसायची. माझ्या वाट्याला तिची मांडी आली ती तेवढीच.

वडिलांना कुणीतरी शहाणपण सुचवलं आणि ते तिला रेल्वेनं वडशाला घेऊन गेले. तिथं एक डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी दोघांचं रक्त तपासलं, जवळ बसवून सगळं समजावून सांगितलं. हे मी पुढं मोठी झाल्यावर तुकड्यातुकड्यानं जमवलं. त्या म्हणाल्या, शेवंता, तुझ्या रक्तात एक गोष्ट नाही आणि नवऱ्याच्या रक्तात ती आहे. पहिल्या लेकराला ती बापाकडून आली. बाळंतपणात त्या लेकराचं थोडं रक्त तुझ्या रक्तात मिसळलं. तुझ्या शरीराला ते परकं वाटलं आणि ते त्याच्याशी लढायला तयार होऊन बसलं. आता पुढचं लेकरू बापाच्या रक्ताचं असलं की तुझंच रक्त त्याच्यावर चालून जातं. पहिलं सुटतं, मागची सापडतात. पहिल्या बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन घेतलं असतं तर हे टळलं असतं, आता त्याचा उपयोग नाही. पण प्रत्येक लेकरू बापाच्याच रक्ताचं असेल असंही नाही, एखाद्याला तुझंही रक्त येऊ शकतं. बाईंनी एवढं सारं सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र वडशाहून आमच्या गावापर्यंत पोचलं नाही, मलाही ते फार उशिरा कळलं.

त्या दिवशी ती परत आली ती हसत आली. स्टेशनावरून माझ्यासाठी चिवड्याचा पुडा आणला होता. पायसुद्धा न धुता ती बुढीला सांगायला लागली, "माह्यात खोट नाई, आत्याबाई. मी काई लेकरं खाल्ली नाई. रगताची गोस्ट हाये." किती आशेनं बोलत होती ती... बुढीनं सगळं ऐकून घेतलं. बुढी मूर्ख नव्हती, मूर्ख असती तर बरं झालं असतं. तिनं नीट एकेक विचारलं. "मंजे पहिलीचं रगत बाधलं?" मामी म्हणाली, "हो, तसंच म्हनलं बाईनं." "आन् पहिल्याले काई होत नाई?" "नाई होत. मागच्यायलेच होते." बुढीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्यावर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. एका बाईवरचा आळ त्या संध्याकाळी उतरला, आणि तो कुठं जाऊन बसला हे तिला स्वतःलाही तेव्हा कळलं नसेल.

पुढच्या वर्षी मामीला पुन्हा दिवस गेले. बुढीनं तेव्हा जे काढलं त्याला तोड नाही. आमच्या भागात जुनी चाल आहे, ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं नवं बाळ शेजारणीला सूपभर धानाला विकतात. लेकरू या घरचं नाहीच म्हटल्यावर त्याला शोधत येणारं मरण रस्ता चुकतं, अशी समजूत. विकणं नुसतं नावाला, लेकरू वाढतं जिथल्या तिथंच. बुढीनं ही चाल उलटी केली. "डाक्टरीण बाईच म्हनते का पहिल्याले काई होत नाई," ती वडिलांना म्हणाली. "मंग पहिली घरात नसनच, तर येनारा पहिला." आणि हे विकणं नावापुरतं नको, खरंखुरं हवं, नाहीतर मरण फसत नाही, असंही तिनंच ठरवलं. वडिलांनी जमिनीकडे पाहत हो म्हटलं. ते सगळ्याला तसंच हो म्हणायचे. डॉक्टरचं शास्त्र आणि बुढीची चाल, दोन्हीत वेगवेगळी माणसं वाचली असतील. आमच्या घरात दोन्ही एकत्र आली आणि त्यात मी गेले.

माझी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, त्याच गावात बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पलीकडे दिलेली होती. तिला मूलबाळ नव्हतं. एका सकाळी मला न्हाऊ घातलं, नवा फ्रॉक घातला आणि अंगणात पोत्यावर बसवलं. मला वाटलं माझं काहीतरी कौतुक आहे. आत्या सूपभर धान घेऊन आली आणि तिनं ते मामीच्या पदरात ओतलं. मग बुढीनं विचारलं, "पोट्टी कोनाची?" याला मामीनं आत्याकडे पाहून उत्तर द्यायचं होतं. पहिल्यांदा ती गप्प राहिली. बुढीनं तिच्या पाठीत कोपर मारलं. मग ती म्हणाली, "तुमची." असं तीनदा विचारायचं होतं, तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज अगदी साफ होता. मी हसत होते, कारण सगळे माझ्याकडे पाहत होते. त्या दिवसापासून आत्या माझी माय झाली, आणि मायचा भाऊ तो मामा, त्याची बायको ती मामी. नाती अशी चोख बसली की कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी भूक लागली तशी मी सवयीनं बोडीच्या काठानं घरी आले. मामी दारात तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठली आणि दार अर्धं लावून आतून म्हणाली, "तुया घरी जाय व. तुयी माय वाट पाहून राह्यली असन." दारामागं ती रडली असेल असं वाटून मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. आता नाही घालत.

आणि देवानंद जगला. गोरागोमटा, दणदणीत, पिवळेपणाचा लवलेश नाही. तो वडशाला दवाखान्यातच झाला, चौथ्या दिवशी घरी आला, आणि बुढी साऱ्या गावात जिंकल्यासारखी फिरली. तो मेला असता तर मला परत घेतलं असतं का, हा विचार मी लहानपणी पुष्कळदा केला आहे. असा विचार मनात येणं वाईट आहे हे कळायचं. तरी यायचा. तो जगला म्हणून व्यवहार खरा ठरला, आणि खरा ठरला म्हणून कायमचा झाला. मामीनं मग ऑपरेशन करून घेतलं. मला परत आणलं तर पोरगा जाईल, हे त्या घरात पावसानंतर चिखल होतो इतकं उघड होतं. त्यावर कधी बोलणंही झालं नाही.

माय, म्हणजे आत्या, तोंडानं फाटकी पण मायाळू होती. तिनं मला शिकवलं, मारलं, जेवू घातलं. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण मामी रोज डोळ्यांसमोर होती ना. मी तापानं फणफणले की ती यायची, पण अंगणातूनच विचारायची, "कशी हाये भाची?" दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलं की सगळ्या भाच्यांना ती एकाच कापडाचे फ्रॉक शिवून आणायची, त्यातला एक माझा. माझाच जरा बरा असावा म्हणून मी टाके उलटून पाहायची. सगळे सारखे असायचे. ती बाई न्यायात फार कडक होती. सातवीत असताना मी ठरवून एकदा विहिरीवर, बायकांच्या देखत, तिला "आई" अशी हाक मारली. तिनं घागर तिथंच टाकली आणि माझ्या तोंडात मारली. मग माझ्याकडे न पाहता ती पळत सुटली ती थेट शाळेत, देवानंदला पाहायला. त्या दिवशी देवानंदला खरंच उलट्या झाल्या. पोरांसोबत कच्चे पेरू खाल्ले होते त्यानं, हे त्यानं स्वतःच नंतर मला सांगितलं. पण मामी रोवण्यापासून धान घरात येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

माझ्या लग्नात तर गंमतच झाली. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. माझे वडील मामा म्हणून माझा हात धरून मला मांडवात घेऊन आले, आणि कन्यादान आत्याच्या नवऱ्यानं केलं. मामी पाहुण्यांना जेवायला वाढत होती. तिनं माझ्या पानात लाडू वाढला आणि "घ्या नवरीबाई," म्हणून पुढच्या पानाकडे गेली. मला तेव्हा तिचं पातेलं हिसकावून फेकून द्यावंसं वाटलं होतं. मी लाडू खाल्ला. पुढं बुढी गेली, वडील गेले, माझी मायही गेली. मला वाटलं, आता पाहणारं कुणी उरलं नाही. पण मामीला कुणी पाहण्याची गरज कधीच नव्हती.

रक्ताची ही गोष्ट मला नीट कळली ती मी स्वतः पोटुशी राहिले तेव्हा, भद्रावतीच्या दवाखान्यात. तिथल्या सिस्टरनं माझा गट पाहून सांगितलं, तुम्ही पॉझिटिव्ह आहात, तुम्हाला त्या इंजेक्शनची गरज नाही. कोणतं इंजेक्शन, असं मी विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. म्हणजे बुढी खोटं बोलत नव्हती. सुरुवात माझ्याच रक्तापासून झाली होती. त्यात माझा दोष नाही हे कळत होतं, पण दोष नाही हे कळल्यानं ती दोन लेकरं काही परत येत नव्हती, आणि मीही त्या घरात परत जात नव्हते. एवढंच कोडं राहिलं होतं की मग देवानंद कसा वाचला. एखादा वाचतो, असं मी धरून चालले.

या वर्षी मामी चंद्रपूरला दवाखान्यात होती. पोटात गाठ होती आणि अंगात रक्त टिकत नव्हतं. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं आणि ते कुठं मिळेना. देवानंद आणि मी दोघंही रक्तपेढीत गेलो. देवानंदच्या लायसनवर बी पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं, ते एजंटानं आपल्या मनानं टाकलेलं. त्याच्या माहितीत त्याचं रक्त म्हणून कुणी तपासलं नव्हतं. माझं चालणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी बोट पुढं केलं. तिथला माणूस म्हणाला, "ताई, तुमचं पॉझिटिव्ह आहे, नाही जमणार. दादांचं चालेल. ओ निगेटिव्ह." देवानंद हातात रबराचा चेंडू दाबत पलंगावर पडला आणि हसून म्हणाला, "आईनं देल्लं, आईलेच वापस." मी भिंतीला टेकून उभी होते. एवढ्या वर्षांचं कोडं एका मिनिटात सुटलं होतं. त्याचं रक्त तिचंच होतं. तिचं रक्त त्याच्यावर चालून जाणारच नव्हतं. मला विकलं तरी तो जगणारच होता आणि नसतं विकलं तरी जगला असता. ते सूपभर धान फुकट गेलं होतं.

मी तशीच वॉर्डात गेले. आजारी माणसाला असलं काही सांगू नये हे मला कळत होतं. पण मला तिला सांगायचंच होतं, आणि तिला ते लागावं असंही वाटत होतं. खोटं कशाला बोलू? मी म्हणाले, "मामी, देवानंदचं रगत तुयासारखं निंगालं. त्याले कधी काई होनारच नोहतं. मले विकलं नसतं तरी तो जगला असता."

ती छताकडे पाहत होती. म्हणाली, "मालूम हाये."

"कधीपासून?"

"तो झाला तवापासून. डाक्टरीण बाईनं तपासून सांगतलं होतं... याचं रगत तुयावानी हाये, हा सुटला म्हनून."

"मंग मले काऊन नाई आनलं वापस?"

शेजारच्या पलंगावरच्या बाईचा मुलगा मोसंबी सोलत होता, त्याच्याकडे ती पाहत राहिली. मग म्हणाली, "पोट्टा जिता होता व. काऊन जिता हाये, ते मी इचारत बसू का?"

"आन् मी?"

"तू बी जितीच होती," ती म्हणाली.

यात तिला काही क्रूर वाटलं नाही. तिच्या हिशेबात दोन गेलेले होते आणि दोन जिवंत होते. जिवंत असलेली कुणाच्या चुलीवर जेवते हे तिच्यासाठी दुय्यम होतं. मला ते कळलं, आणि कळून मला तिचा जास्तच राग आला. मी तिच्या उशाशी वाकले आणि चक्क भीक मागितल्यासारखी म्हणाले, "आता त्याचे केस पिकले, मामी. त्याची पोरं कॉलेजात हायेत. आता एकडाव मले लेक म्हन. इथी कोनी नाई." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. डोळे भरले होते तिचे, तेवढं मी पाहिलं आहे, ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. ओठही हलले... आणि मग तिची नजर दाराकडे गेली. देवानंद रक्त देऊन चहा आणायला खाली गेला होता. ती हळूच म्हणाली, "तो रोज गाडीनं जाते व. वाघाचा रस्ता हाये." आणि तोंड फिरवून निजली.

देवानंदच्या रक्तानं ती थोडी सावरली आणि घरी गेली. मी शेवटची भेटायला गेले ती एका रविवारी. निघताना तिनं सुनेला हाक मारली, "भाची जाऊन राह्यली, तिले कुंकू लाव." आवाज बारीक झाला होता, पण शब्द कुठंही अडखळला नाही. मी पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला, असं मला वाटतं. आजारी माणसाच्या हाताला जड व्हायची सवय असते, तेही असेल.

तेरवीला देवानंदनं भरल्या घरात मला लेकीची म्हणून साडी दिली. जुन्या बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. तेव्हापासून तो मला रोज फोन करतो. कामावरून घरी परतताना, मोटारसायकलवरूनच, कानाला ते वायरचं लावून. आम्ही तिच्याविषयीच बोलतो. ती नकला करायची हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या आठवणीत ती कायम धास्तावलेली, त्याच्या मागं मागं फिरणारी बाई आहे. त्याला अंगाखांद्यावर खेळवणारी मिळाली आणि मला हसणारी मिळाली, तीही उंबऱ्यावरून. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "ताई, तू आतापन मामीच म्हनते तिले. आता तं ती नाई ना. एकडाव आई म्हन. मले बी बरं वाटन."

त्याचं खरं होतं. मारायला, अडवायला, दार लावायला आता कुणी नव्हतं. मी इतकी वर्षं पोरांना शिकवते, रक्ताचे गट फळ्यावर लिहून दाखवते, मला सगळं समजतं. मी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात मला फोनमध्ये वारा ऐकू आला, गाडीचा आवाज ऐकू आला.

"कुठी हाये तू?" मी विचारलं.

"जंगलातच हाओ अजून. काऊन?"

"काई नाई. हळू चालव. घरी पोचला का फोन कर."

त्याचा पुन्हा फोन येईपर्यंत मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याही राहून गेल्या. फोन आला. "पोचलो," तो म्हणाला. "पाय धुऊन बसलो. आता बोल, काय म्हनून राह्यली होती?"

मी विचारलं, "उद्या जायाचं हाये का तुले त्याच रस्त्यानं?"

"जा तं लागनच ना, ताई."

"मंग राहू दे," मी म्हणाले.